कोड परत उभा राहील का?

जळगावलगतच्या असोद्यात घरूनच सॉफ्टवेअर बनवणारा तरुण असो की धुळ्यातली चार जणांची टीम, सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागते. कोड, बगच्या नोंदी आणि बिल्डची व्यवस्था गिटहबसारख्या क्लाउडवर ठेवायची की स्वतःच्या सर्व्हरवर? बहुतेक वेळा हे महिन्याचं भाडं बघून ठरतं. ज्यांना फटका बसला, त्यांचे अनुभव मात्र वेगळंच सांगतात.

जून 2014 मध्ये ‘कोड स्पेसेस’ ही लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी बंद पडली. हल्लेखोराने तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या खात्यात शिरून खंडणी मागितली आणि कंपनीने ताबा परत घ्यायचा प्रयत्न करताच डेटा पुसायला घेतला. बॅकअपही त्याच खात्यातून हाताळले जात होते. तेही बहुतेक गेले.

दुसरा अनुभव जवळचा आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीला दिलेल्या सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाल्या. छोट्या टीमला वकील लावून इतक्या लवकर दाद कशी मिळणार?

मग सर्व्हर घरीच ठेवावा? ‘गिटी’सारखं मोफत सॉफ्टवेअर एक जीबी मेमरीच्या साध्या मशीनवरही छोट्या टीमचं काम निभावतं. पण मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी लाइट गेली तर ते मशीन कोण सांभाळणार? सुरक्षेचे अपडेट कोण टाकणार? ज्या टीमकडे याचं उत्तर म्हणून एका माणसाचं नाव नाही, तिने क्लाउडच घ्यावा.

क्लाउड घेतला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे रोजचा बॅकअप होतच नव्हता आणि तो फसल्याच्या सूचनांचे ईमेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती, म्हणून निभावलं. कोड शाबूत राहिला, पण त्या सहा तासांतल्या नोंदी आणि प्रतिक्रिया गेल्या.

यातला बारकावा छोट्या टीमने नीट समजून घ्यावा. या सेवा ज्यावर चालतात त्या गिटमुळे कोडचा पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, पण बगच्या नोंदी, वेबसाइटवर भरलेली बिल्डची सेटिंग आणि गुप्त चाव्या त्यात येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी काढून, वेगळ्या पासवर्डच्या वेगळ्या खात्यात किंवा घरच्या डिस्कवर ठेवावी. दर तीन महिन्यांनी कोऱ्या मशीनवर सगळं पुन्हा उभं करून बिल्ड चालवून पाहावा. आणि मुख्य खातं फर्मच्या ईमेलवर काढावं, उद्या नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर नव्हे.