अंगुष्ठमूल-संधीच्या शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंटची निवड
अंगुष्ठमूलाच्या संधिगतवातात ट्रॅपिझियम अस्थी काढलेले रुग्ण अभ्यंग-स्वेदनाच्या अपेक्षेने आपल्याकडे येतात. अशा वेळी हातावर कोणते बंधन आहे, हे प्रथम पाहावे.

१. प्लास्टर : बंधन दृढ असते व रुग्णास काढता येत नाही, परंतु शोथ ओसरताच ते सैल होते आणि आतील त्वचा तपासता येत नाही.

२. थर्मोप्लास्टिक स्प्लिंट : हाताच्या मापाने घडवितात, प्रारंभी मनगटासह, पुढे आखूड. उष्णतेने तो मऊ होऊन आकार बदलतो, म्हणून त्यावरून स्वेदन वर्ज्य.

३. निओप्रीन : मृदू, उत्तरकाळात कामाच्या वेळी आधारापुरता.

दृढ बंधन साधारणतः ४ ते ६ आठवडे ठेवतात. शल्यचिकित्सकाच्या संमतीविना अभ्यंगासाठी ते सोडू नये.

शिथिल बंधनाने संधी स्थिर राहत नाही, अतिगाढ बंधनाने शोथ व वेदना उद्भवतात, म्हणून साधारण बंध प्रशस्त, असे सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत सांगितले आहे. आमच्या मते तिन्ही प्रकारांना हाच निकष लावावा. बोटांत बधिरता वा निळसरपणा, अथवा अंगठ्याच्या पाठीवर जळजळ आढळल्यास रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.