आधी कडा बघ, नक्षी नंतर

भाच्या, आयटीआय झालं, आता जळगावच्या एमआयडीसीत लागशील, नाहीतर धुळ्याला अवधानला. कुठंही गेलास तरी कुणीतरी एकसारख्या लाटांची वेल्डची बीड दाखवून म्हणेल, "काम पाहा भो!" मान डोलव, पण भुलू नको. देखण्या बीडवरून एवढंच कळतं की हात स्थिर होता, चाल सारखी होती. खालचा पत्रा वितळला की नाही, ते वरून दिसत नाही. वेडीवाकडी, भोकं पडलेली बीड मात्र सरळ नापास कर, तिथं विचार कसला करायचा?

कडेला बघ. बीड दोन्ही पत्र्यांत मुरलेली पाहिजे. भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखी नुसती वर बसली असेल, तर करंट कमी पडलाय. कडेलगत पत्रा खाऊन खाच पडली असेल, तर करंट जास्त किंवा हात घाईचा.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांत निम्मा घोळ लाइटीचा. शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर काटा 110 वरच असतो, पण रॉडला तेवढा करंट पोचतच नाही. पंपांच्या वेळेला आधी भंगार तुकड्यावर एक रॉड ओढून बघत जा.

खात्री हवी तर तोडून बघ. त्याच जाडीचे दोन तुकडे काटकोनात धर, एकाच बाजूनं वेल्ड मार, व्हाइसमध्ये आवळ आणि उभा तुकडा घणानं वेल्डच्या अंगाला पाड. तुटल्यावर मुळाशी पत्र्याची जुनी सरळ धार तशीच दिसली, तर वरची नक्षी फुकट.

कापसाच्या ट्रॉलीच्या हुकाला विशेष जप. जाड पट्टीची कड तिरपी तासून घे, मूळ भरून घे, दर थराला खपली पाडून वायर ब्रश मार. 7018 रॉड पावसाळ्यात ओल धरतो, त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरला की थंड झाल्यावर आतून चीर जाते. ओव्हनमध्ये भाजूनच वापर.

दुरुस्तीच्या ट्रॉलीवर जोडालगत रंगाला केसाएवढी भेग आणि तिच्यातून तांबूस गंज झिरपलेला दिसला, तर वरून रॉड फिरवून मोकळा होऊ नको. गिऱ्हाईक घाई करेल, करू दे. भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाड, ग्राइंडरनं ती मुळापर्यंत खोदून काढ, मगच भर.