फोटो कोणी काढला, की कोणी दिला?

एक फोटो हजार शब्दांचं काम करतो, असं आपण नेहमी ऐकतो. पण ते हजार शब्द नक्की कोणाचे? फोटो काढणाऱ्याचे, की फोटोतल्या माणसाचे? स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत फोटोग्राफीने काय काम केलं, हे वाचताना मला हा प्रश्न पडला.

पहिलं उदाहरण अमेरिकेचं. 1982 साली डोना फेराटो ही फोटोग्राफर एका श्रीमंत जोडप्याच्या घरी मासिकाच्या कामासाठी राहत होती. एका रात्री नवऱ्याने बाथरूममध्ये बायकोवर हात उचलला. फेराटोने फोटो काढला, आणि तो पुन्हा मारायला गेला तेव्हा त्याचा हातही धरला. ते फोटो छापायला सुरुवातीला मासिकं तयार नव्हती, कारण ‘घरातली भांडणं’ बाहेर दाखवायची नाहीत ना! फेराटो थांबली नाही. पोलिसांबरोबर, निवारागृहांत, हॉस्पिटलांत फिरून तिने काम केलं आणि 1991 मध्ये ‘लिव्हिंग विथ द एनिमी’ हे पुस्तक काढलं. बंद दाराआड काय चालतं याचा पुरावा लोकांसमोर आला. फोटोचं हे पहिलं काम : पुरावा.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, आणि मला जास्त जवळचं वाटणारं. 1980 च्या सुमारास आपल्याकडे स्त्री-चळवळ रस्त्यावर उतरली. त्यामागे महाराष्ट्रातलं मथुरा प्रकरणही होतं. 1972 मध्ये पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडलं. दिल्लीत हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते. त्या मोर्च्यांत शीबा छाछी ही तरुणी कॅमेरा घेऊन होती, पण पत्रकार म्हणून नव्हे, तर चळवळीतलीच एक म्हणून. सत्यराणी चढ्ढा यांची मुलगी 1979 मध्ये सासरी जळून गेली. न्यायासाठी त्या तीन दशकांहून जास्त काळ झगडल्या. शहाजहान आपांचंही दुःख तेच. या दोघींनी 1987 मध्ये ‘शक्ती शालिनी’ ही संस्था उभी केली. अशा बायकांच्या रेट्यामुळेच 1983 मध्ये कलम 498-अ आणि 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम 304-ब आलं. (1 जुलै 2024 पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 आणि 80 मध्ये आहे.)

पण शीबाला हळूहळू एक गोष्ट खटकू लागली. आपल्या फोटोंत या बायका म्हणजे फक्त उगारलेली मूठ आणि उघडं तोंड! त्यांचं घर, काम, विनोद, थकवा कुठे गेला? मग 1990 च्या सुमारास तिने पद्धतच बदलली. सात जणींना तिने सांगितलं, जागा तुम्ही निवडा, वस्तू तुम्ही निवडा, कसं बसायचं तेही तुम्हीच ठरवा. सत्यराणींनी सुप्रीम कोर्टाची जागा निवडली. मोर्च्याचे जुने फोटो आणि हे नवे फोटो मिळून ‘सेव्हन लाइव्हज अँड अ ड्रीम’ ही कृष्णधवल मालिका झाली. फोटोचं हे दुसरं काम : समोरच्या बाईला स्वतःबद्दल बोलू देणं.

आता माझी कबुली. गेल्या वर्षी 8 मार्चच्या प्रदर्शनासाठी मी मेसच्या खिडकीतून एका मावशींचा फोटो काढला. घामाने डबडबलेला चेहरा, हातात लाटणं, मागे धूर. खाली लिहिलं ‘कष्ट’. बक्षीसही मिळालं. मावशींनी तो बोर्डावर पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, “अगं, मला सांगायचंस तरी. हीच एक मी आहे का?”

मला काय बोलावं सुचेना. दोन दिवसांनी मी विचारलं, “मावशी, तुम्हाला कसा फोटो आवडेल?” त्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, बचत गटाचं रजिस्टर घेऊन आल्या. त्या गटाच्या सचिव आहेत हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खात होतो!

माझा पहिला फोटो खोटा नव्हता, पण तो माझा होता. दुसरा आमच्या दोघींचा आहे.

मित्रमैत्रिणींनो, आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अन्याय दिसला तर पुरावा जरूर ठेवा, पण पीडित बाईचा चेहरा किंवा नाव तिच्या इच्छेविरुद्ध पुढे पाठवू नका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. आणि एरवी बटण दाबण्याआधी एकदा विचारा. काढलेला फोटो दाखवा. “हा नको” म्हणाली, तर डिलीट करा.

यंदाच्या प्रदर्शनात मावशींचा नवा फोटो लागेल. खाली काय लिहायचं, ते त्याच सांगणार आहेत.