पोलिसांवरचा माहितीपट गावात दाखवताना

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या गावांत आम्ही माहितीपट दाखवतो आणि नंतर सगळ्यांना बोलते करतो. सर्वांत जास्त वाद झाले ते क्रेग ॲटकिन्सनच्या 'डू नॉट रेझिस्ट'वर (२०१६). अमेरिकेच्या पोलिसांकडे लष्कराची सामग्री आणि लष्कराचा पवित्रा कसा आला, ते त्यात दिसते. त्या वादांतून शिकलेले हे काही.

१. प्रेक्षकांची नजर चिलखती गाड्यांवर खिळते. अमेरिकेतल्या फर्ग्युसन शहरात २०१४ साली आंदोलकांवर सोडलेला अश्रुधूर पाहून कुणीतरी म्हणतेच, "आपल्याकडे कुठे आहेत असल्या गाड्या?" अशा वेळी शेजारच्या सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीचे नाव काढावे. ६ जानेवारी २०२१ रोजी आयआयटी प्रकल्पाच्या जमिनीच्या मोजणीवरून तिथे लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, दगडही आले. गावकरी आणि पोलीस दोघेही जखमी झाले. पुढे काही दिवसांतच मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचे जाहीर केले. म्हणजे थांबता येत होते. मग आधी पोलीस का पाठवले, यावर लोक तासभर बोलतात.

२. या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग सर्वांत शांत आहे, आणि तो हमखास निसटतो. न्यू हॅम्पशायरमधल्या काँकॉर्ड शहराची नगर परिषद 'बेअरकॅट' ही चिलखती गाडी घ्यावी का, यावर चर्चा करते. पैसा केंद्र सरकारच्या अनुदानाचा. नागरिक एकामागून एक उठून विरोध करतात, त्यांत मरीन दलातला एक निवृत्त कर्नलही असतो. तरीही गाडी मंजूर होते. हा प्रसंग मी थांबवून पुन्हा दाखवतो. ग्रामसभेत बसलेल्या माणसाला तो लगेच कळतो: विरोध इतिवृत्तात जातो, ठराव ठरल्याप्रमाणे होतो. पोलिसांसाठी काय घ्यायचे, हे तर आपल्या ग्रामसभेपुढे येतही नाही.

३. निवेदक नाही, इतिहास नाही, वर्णद्वेषाची मुळे पुरेशी उलगडलेली नाहीत, असा या चित्रपटावर आक्षेप घेतला जातो. शेवटचा मुद्दा मला पटतो. निवेदक नसणे मात्र त्याचे बळ आहे. पोलीस स्वतःच्या तोंडाने बोलतात तेव्हा आरोप करावा लागत नाही.

४. समोर आयआरबीतल्या (इंडिया रिझर्व्ह बटालियन, राज्याचे सशस्त्र पोलीस दल) जवानाची आई बसलेली असते, हे लक्षात ठेवून बोलावे. ॲटकिन्सनचे वडीलही पोलिसांच्या सशस्त्र पथकात होते, हे सांगितले की तीही चर्चेत येते. "पोराला हुकूम आला की जावेच लागते," हे वाक्य कुठल्याही समीक्षेइतकेच मोलाचे आहे.

५. दुसऱ्या संध्याकाळी आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' लावावा. त्यात सांगितलेली घटना आपल्या जवळची आहे: ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतल्या घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे गेली. तिथे चिलखती गाड्यांची गरज पडली नव्हती. रायफली आणि एका अधिकाऱ्याचा हुकूम पुरला.