वेष्टनावरील अक्षरें आणि कायदा

ठाणें, कल्याण किंवा डोंबिवली येथील कोणत्याही वाण्याच्या दुकानांत पाहिलें, तर बहुतेक जिन्नस आज बंद पाकिटांत विकले जातात. पूर्वीं गिऱ्हाईक माल हातांत घेऊन, वास घेऊन, चव पाहून पारखीत असे. वाणीही ओळखीचा असे. बंद पाकिटाची अशी पारख करितां येत नाहीं. तेथें वाण्याच्या शब्दाची जागा वेष्टनावरील छापील अक्षरांनीं घेतली आहे. ज्यास आपण कधीं पाहिलें नाहीं अशा कारखानदाराची ती साक्षच होय. ही साक्ष खरी राहावी म्हणून कायदा काय करितो, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भेसळ हें कांहीं आजचें पाप नव्हे. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत हलका माल मिसळणारास कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्रांत १२ पण दंड सांगितला आहे. आपल्या मुंबई इलाख्यांत अन्नभेसळीविरुद्ध १९२५ सालीं कायदा झाला. औषधांविषयींचा कायदा १९४० सालीं, व सर्व देशाकरितां अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालीं झाला. या शेवटच्या कायद्याची जागा पुढें २००६ च्या अन्नसुरक्षा व मानकें कायद्यानें घेतली. आपल्या राज्यांत त्याचा अंमल अन्न व औषध प्रशासन करितें. त्याच्या कोंकण विभागाचें कार्यालय ठाण्यासच आहे. या कायद्यांत तीन दोष निरनिराळे मानिले आहेत. जो माल खाण्यास अपायकारक तो ‘असुरक्षित’. जो ठरलेल्या प्रतीस उतरत नाहीं तो ‘कमी दर्जाचा’. आणि ज्याच्या वेष्टनावर खोटा अथवा फसवा मजकूर आहे तो ‘मिथ्याछाप’. म्हणजे माल निरुपद्रवी असला तरी खोटें लिहिणें हाच एक स्वतंत्र अपराध ठरतो.

नुसत्या अक्षरांस इतकें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर दोन शोककारक घटनांत आहे. अमेरिकेंत १९३७ सालीं सल्फानिलमाइड हें औषध डायएथिलीन ग्लायकॉल नांवाच्या विषारी द्रवांत विरघळवून ‘एलिक्झिर’ म्हणून विकण्यांत आलें. शंभराहून अधिक माणसें मरण पावलीं. त्यांत कित्येक लहान मुलें होतीं. विक्रीपूर्वीं औषधाची निर्धोकता सिद्ध करण्याचें बंधन तेव्हांच्या कायद्यांत नव्हतें. ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि यांत तर मद्यार्क नाहीं, एवढ्या खोट्या नांवाबद्दलच कारखानदारावर कारवाई करितां आली! तेथें १९३८ सालीं नवा कायदा झाला. परंतु तेंच विष १९८६ च्या आरंभीं मुंबईंत भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत शिरलें. ग्लिसरीन म्हणून पुरविलेल्या द्रवांत तें मिसळलेलें होतें, आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें रुग्णालय, औषध प्रशासन व सरकार या सर्वांच्याच हयगयीवर बोट ठेविलें. बाटलीवरील नांव वाचणारे पुष्कळ होते. आंत काय आहे हें वेळेवर तपासणारा कोणी निघाला नाहीं.

यावरून साक्ष तपासली पाहिजे हें ठरलें. पण ती कशी तपासावी? येथेंच वकिलाचें काम सुरू होतें. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हां त्याचे चार भाग करून मोहोरबंद करितो. एक भाग विश्लेषकाकडे जातो. दोन भाग वरच्या अधिकाऱ्याकडे राखून ठेवितात. व्यापाऱ्यानें मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकानें १४ दिवसांत अहवाल द्यावा, आणि तो मान्य नसल्यास व्यापाऱ्यानें अपील करावें, अशी योजना आहे. व्यापाऱ्याचा वकील ही मोहोर, ही तारीख, ही प्रयोगशाळा बारकाईनें पाहतो. लोक यास पळवाट म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. १९५४ पूर्वीं काय किंवा आज काय, चुकीच्या तपासणीवर दिलेली शिक्षा हा न्याय होऊं शकत नाहीं.

२०१५ सालचा मॅगी शेवयांचा खटला याचें उत्तम उदाहरण आहे. शिसें ठरलेल्या मर्यादेहून, म्हणजे दहा लाख भागांत २.५ भागांहून, अधिक आढळल्याच्या कारणावरून त्या वर्षीं ५ जून रोजीं त्यांवर बंदी आली. वेष्टनावरील ‘मोनोसोडियम ग्लुटामेट घातलेलें नाहीं’ या शब्दांसही हरकत घेण्यांत आली. मुंबई उच्च न्यायालयानें १३ ऑगस्ट रोजीं ती बंदी रद्द केली. कंपनीस आपलें म्हणणें मांडण्याची संधि मिळाली नव्हती, व नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांस कायद्याप्रमाणें आवश्यक ती मान्यता नव्हती, असें न्यायालयास दिसून आलें. तरीही न्यायालयानें माल तसाच बाजारांत जाऊं दिला नाहीं. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करविली. तींत शिसें मर्यादेच्या आंत आढळलें.

एखादा खरा दोषी तारखेच्या चुकीमुळें सुटतो, त्याचें काय? त्याचें दुःख आम्हांसही होतें. परंतु त्याचा दोष ज्यानें तपास निष्काळजीपणें केला त्याच्याकडे जातो. कायदा सैल करून तो भरून येणार नाहीं. दक्ष अधिकारी व जाणते ग्राहकच तो भरून काढतील.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, हें जाणतेपण तुम्हांसही मिळवितां येईल. पाकीट घेतांना वरच्या चित्रास भुलूं नका; मागील बारीक अक्षरें वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. म्हणून चित्रांत बदाम ठळक, पण यादींत साखर पहिली व बदाम शेवटीं, असें दिसल्यास काय समजावयाचें तें समजा. उत्पादकाचें नांव व पत्ता, १४ आंकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन आणि मुदतीची तारीख पाहा. बाजारास जाणाऱ्या आपल्या आजीस तीं अक्षरें वाचून दाखवा. कारण तिच्याकरितांही तीं छापलेलीं आहेत, पण तीं इतकीं बारीक असतात कीं, तिला तीं दिसत नाहींत.

बायबलांतील नीतिसूत्रांत खोट्या तराजूचा धिक्कार केला आहे. आजच्या बाजारांत वेष्टन हेंही एक तराजूच आहे. तें खरें ठेवणें हें कारखानदाराचें, तपासणें हें अधिकाऱ्याचें, न्यायानें तोलणें हें वकील व न्यायाधीश यांचें, आणि वाचणें हें आपणां सर्वांचें कर्तव्य होय.