पहिलं वाक्य सुचत नसेल तर

प्रश्न : दिवाळी अंकासाठी आजोळावर लेख लिहायचाय. विषय मनात घोळतो, पण पहिलं वाक्यच जमत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या वाक्याचा नाद तूर्त सोडा. लिहिणं आणि तपासणं आपण एकदमच करू पाहतो, म्हणून हात अडतो. अमेरिकी लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या पुस्तकात यावर मुक्तलेखनाचा उपाय सांगितला. दहा मिनिटांचा गजर लावा आणि हात न थांबवता लिहा. खाडाखोड नको, शुद्धलेखनाची चिंता नको. काहीच सुचलं नाही, तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहा.

‘आजोळी मजा यायची’ इथून निघालेला मजकूर काही ओळींतच ‘मामी सगळ्यांना वाढायची, तिला कोण वाढायचं?’ इथे पोचू शकतो. तुमचा लेख तिथे आहे. अशा जिवंत वाक्याखाली रेघ मारा, ते नव्या पानावर उतरवा आणि तिथून पुन्हा दहा मिनिटं लिहा. मग खर्डा करायला बसा. उरलेलं बिनधास्त टाकून द्या; हे लेखन कुणाला दाखवायचं नसतं. आठवड्यातून तीनदा तरी हा सराव ठेवा. हात नक्की मोकळा होईल.