घरची गंगाजळी आणि एप्रिलचा डोंगर

काटकसरीवर लिहिणारे लेखक बहुधा उपदेशाने आरंभ करतात. चहा कमी करावा, दिवे वेळेवर मालवावे, बाजारात यादी घेऊन जावे, इत्यादी. हा उपदेश खोटा नाही. पण आमच्या वाचक भगिनींना तो पाठ आहे आणि त्या तो आमच्याहून चांगला पाळतात. ग्वाल्हेरच्या मध्यम स्थितीतील घरांत उधळपट्टी फारशी नसतेच. महिन्याचा खर्च महिन्याच्या पगारात बसतो. तरीही वर्षातून एखादे वेळी घरातली बांगडी सराफ्यात गहाण पडते आणि ती सोडविताना पुढचे सहा महिने ओढाताण होते. असे का व्हावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

शाळेत शिकविणाऱ्यास याचे उत्तर एप्रिलमध्ये समोर दिसते. मध्य प्रदेशात शाळेचे नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पहिले पंधरा दिवस काही मुले गेल्या वर्षीच्या वह्यांतील उरलेल्या पानांवर लिहितात. पुस्तके ‘पुढच्या आठवड्यात’ येणार असतात. ही मुले गरिबाघरचीच असतात असे नाही. त्यांचे वडील नोकरीत असतात, पगार वेळेवर होतो. पण त्याच महिन्यात मंडीत नवा गहू आलेला असतो, वर्षाचे तेल-डाळ-तिखट भरायचे असते आणि कूलर खाली उतरवायचा असतो. सगळे एकदम येते.

आकडे मांडल्यावाचून ही गोष्ट पटत नाही, म्हणून एक नमुन्याचे घर घेऊ. माणसे पाच, दरमहा हाती येणारी रक्कम ३०,००० रुपये. वर्षाचे मोठे खर्च असे धरले: चार क्विंटल गहू १२,०००, तेल, डाळी व मसाला ८,०००, शाळेची फी व पुस्तके १५,०००, एप्रिल ते जुलै विजेचा जादा खर्च दरमहा १,५००, म्हणजे ६,०००, जूनमध्ये गच्चीची डागडुजी ५,०००, सप्टेंबरात विमा व कर ६,०००, नोव्हेंबरात सण १२,०००, डिसेंबरात गरम कपडे व रजया ५,०००, जानेवारीत मेळा ३,०००. एकूण ७२,००० रुपये. बाराने भागले तर दरमहा ६,००० पडतात, म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा. हे अवघड असले तरी अशक्य नाही. पण एकट्या एप्रिलकडे पाहा. त्या महिन्याचा बोजा ३६,५०० रुपये आहे. संपूर्ण पगार ओतला, महिनाभर घरात चूल पेटविली नाही, तरीही तो भागत नाही. यालाच आम्ही एप्रिलचा डोंगर म्हणतो.

आता या ६,००० रुपयांच्या बचतीस आरंभ केव्हा करावा? नव्या वर्षाचा संकल्प म्हणून पुष्कळ लोक जानेवारीत सुरुवात करतात. जानेवारीत मेळ्याचे ३,००० गेले, तीन शिल्लक. मार्चअखेर पंधरा हजार जमले. एप्रिलचे सहा धरून एकवीस. खर्च साडेछत्तीस. १५,५०० रुपये कमी पडले, आणि बांगडी गेली सराफ्यात. समजा, व्याज दरमहा शेकडा दोन पडले, तर सहा महिन्यांत १,८६० रुपये व्याजातच जातात. माणूस म्हणतो, आमच्याने बचत होत नाही. बचत झाली होती. ती चुकीच्या महिन्यात सुरू झाली होती.

हीच बचत मे महिन्यात सुरू करून पाहा. जूनअखेर हाती चार हजार राहतात, ऑक्टोबरअखेर साडेवीस हजार, नोव्हेंबरचा सण काढून साडेचौदा, मार्चअखेर साडेतीस. एप्रिलचे सहा मिळवले की बरोबर साडेछत्तीस. वर्षभरात एकदाही खाते शून्याखाली जात नाही. ग्वाल्हेरच्या घराचे आर्थिक वर्ष मे महिन्यात सुरू होते, सरकारचे काही का असेना. आपापल्या घरचे आकडे निराळे असतील. डोंगर कोणत्या महिन्यात आहे ते शोधावे आणि त्याच्या पलीकडच्या महिन्यापासून मोजणी धरावी.

अर्थात हा सोडविलेला पैसा आहे. तो खर्च होण्यासाठीच जमतो. त्याला शिल्लक म्हणणे ही फसवणूक आहे. खरी शिल्लक वेगळी, आणि तिला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: गंगाजळी. देवघरात गंगेचे पाणी भरून ठेवलेला लहानसा तांब्या तहान लागली म्हणून कोणी उघडीत नाही. आमच्या घरांत झमझमचे पाणी असेच जपून ठेवलेले असते. आज वर्तमानपत्रे देशाच्या परकीय चलनालाही गंगाजळीच म्हणतात; पण ग्वाल्हेरकरांस हा शब्द अधिक जवळचा आहे, कारण येथील किल्ल्याच्या तळघरांत ठेवलेल्या शिंदे सरकारच्या राजकोषाचे नावच गंगाजळी होते. जयाजीराव महाराज १८८६ साली निवर्तले तेव्हा माधवराव महाराज अवघे नऊ वर्षांचे होते. कोषाची सांकेतिक खूण, जिला बीजक म्हणत, ती मुलास सांगावयाची राहून गेली आणि पुढे पुष्कळ शोध करून तो कोष सापडला, अशी हकीकत सांगतात. राजवाड्यातली ही गोष्ट दोन खोल्यांच्या घरातही घडते. बँकेची पावती कोणत्या पेटीत, विम्याचा कागद कोणाजवळ, खात्यावर वारस म्हणून कोणाचे नाव, हे फक्त कर्त्या पुरुषास ठाऊक असते. आमचे स्पष्ट मत असे की, ज्या शिल्लकेचा पत्ता पत्नीस किंवा मोठ्या मुलास माहीत नाही ती शिल्लक घराची नव्हे.

गंगाजळी किती असावी? तीन महिन्यांचा रोजखर्च तरी असावा. नमुन्याच्या घरात सहा हजार बाजूला पडल्यावर चोवीस उरतात. त्यांतून एक हजार गंगाजळीत टाकला तर रोजखर्चास तेवीस. तीन महिन्यांचे ६९,००० जमण्यास दरमहा हजाराने पाच वर्षे नऊ महिने लागतील. हा काळ लांब आहे. म्हणून बोनस, भत्त्याची थकबाकी, शिकवणीचे पैसे असे जे अवचित येते ते आधी येथे टाकावे. बिर्लानगरातील जे. सी. मिल १९९० नंतरच्या दशकात बंद पडली तेव्हा हजारो घरांचा पगार थांबला. ती घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तीन महिने हा आकडा मोठा वाटणार नाही.

आता ऋतूंकडे वळू.

उन्हाळा हा खर्चाचा तसाच साठवणीचाही ऋतू. मार्चअखेर ते मे या काळात नवा गहू बाजारात असतो व वर्षातला स्वस्त भाव बहुधा तेव्हाच मिळतो. चंबळच्या बाजूची मोहरी त्याआधीच निघालेली असते, म्हणून तेलही याच सुमारास भरावे. पण गहू घेणे सोपे, टिकविणे कठीण. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे; नरम वाटला तर गच्चीवर दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे, सायंकाळी निववून मगच कोठीत भरावा. गरम गहू भरला तर आत घाम सुटतो. कोठी काठोकाठ भरावी, सुकलेला कडुलिंबाचा पाला घालावा, आणि महिन्याचा गहू वेगळ्या डब्यात काढून पावसाळ्यात मोठी कोठी वारंवार उघडू नये. ओलाव्याने सोंडे होतात. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: गव्हात ठेवण्याच्या विषारी गोळ्या घरात आणू नयेत. दमट हवेने त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो आणि बंद खोलीत निजलेली माणसे त्याने दगावतात. अर्धा क्विंटल गहू किडला तरी चालेल.

वाळवणाचे काय सांगावे! ग्वाल्हेरच्या मे महिन्याच्या उन्हात कुरडया आणि पापड एका दिवसात खडखडीत होतात. शेवया तर लष्करच्या मराठी घरांना आणि आम्हांला सारख्याच लागतात. त्या उन्हाळ्यात घरी करून ठेवल्या की सणाच्या तोंडावर बाजारभावाने घ्याव्या लागत नाहीत. कांदाही याच दिवसांत भरावा. उन्हाळी कांदा टिकतो आणि पावसाळ्याच्या शेवटी त्याचा भाव हमखास चढतो.

विजेचा हिशेब मात्र वहीत मांडण्यासारखा आहे. आपल्या राज्यात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांस १०० रुपयेच पडतात. वापर १५० च्या पुढे गेला की ही सवलत त्या महिन्यापुरती जाते. म्हणजे एकशेएकावन्नावे युनिट सर्वांत महाग. साध्या घरात फ्रीज ३० युनिट, दिवे व टीव्ही २५, आणि ७५ वॉटचे चार पंखे रोज बारा तास चालले तर १०८. झाले १६३; कूलर लावण्यापूर्वीच रेषा ओलांडली. तेच पंखे ३० वॉटचे, म्हणजे नव्या बी.एल.डी.सी. जातीचे असतील तर ४३ युनिट लागतात. मग २०० वॉटचा कूलर रोज आठ तास चालवून ४८ युनिट झाले तरी बेरीज १४६ राहते. चारही पंखे एकदम बदलता आले नाहीत तर दरवर्षी दोन बदलावे. एअर कंडिशनर असलेल्या घरास हा हिशेब लागू नाही. तो आठ तासांत नऊ-दहा युनिट सहज घेतो. आमच्याकडच्या कोरड्या लूत, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला तरी, कूलर उत्तम काम देतो. जुलैत हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. कूलरचे वाळ्याचे किंवा गवताचे पडदे फेब्रुवारीत घ्यावे. मे महिन्यात दुकानदार सांगेल तो भाव.

पावसाळ्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गच्ची जूनपूर्वी पाहावी, पाणी उकळून प्यावे. दवाखान्याचे बिल हीच या ऋतूतली मोठी गळती. भाज्या महाग असतात, तेव्हा डाळी व वाळवण उपयोगी पडते.

हिवाळा हा आमच्या मते बचतीचा खरा हंगाम. भाजी स्वस्त, वीज कमी, आणि हातात चार पैसे खुळखुळतात. नेमका तेव्हाच मेळा भरतो. माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आपला अभिमानाचा विषय आहे आणि तेथे जाऊ नये असे म्हणणारा ग्वाल्हेरकर आम्हांस भेटावयाचा आहे. अलीकडे काही वर्षी सरकारने मेळ्यात घेतलेल्या वाहनांवर रस्ता-करात निम्मी सूट दिली. ज्यास स्कूटर घ्यायचीच आहे त्याने जरूर थांबावे व त्या वर्षीचा हुकूम निघाला की नाही ते पाहावे. पण सूट आहे म्हणून स्कूटर घेणे म्हणजे एप्रिलची पुस्तके जानेवारीत विकणे होय. गरम कपडे थंडी ओसरताना, फेब्रुवारीअखेर घ्यावे. मुलांचे असतील तर एक माप मोठे.

पैसे ठेवावे कोठे? बँकेचे किंवा पोस्टाचे आवर्ती ठेव खाते सोयीचे. पगाराच्या दिवशीच रक्कम वळती व्हावी. आमच्या समाजात पुष्कळांना व्याजाचा संकोच असतो. त्यांनी वेगळे साधे खाते काढावे. या योजनेचा नफा व्याज मिळण्यात नसून ते भरावे न लागण्यात आहे. ओळखीच्या बायकांची भिशीही चांगली, मात्र आपला नंबर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी यावा असे आधीच ठरवून घ्यावे. अनोळखी माणसाच्या ‘दुप्पट’ करून देणाऱ्या योजनेत एक रुपयाही घालू नये.

राहिला सणांचा प्रश्न, आणि येथे दोन पंचांगांचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. दिवाळीचे वर्षही चांद्र महिन्यांचेच, पण सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास धरून ते ऋतूशी जुळविले जाते. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही. हिजरी वर्षात अधिक मास नाही. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ साली तो जूनच्या लूत आला होता, २०२६ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, आणि २०३० या एकाच इंग्रजी वर्षात त्याचा आरंभ दोनदा, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर, होईल. पगार इंग्रजी महिन्याने आणि ईद चंद्राने. तेहतीस वर्षांच्या पगारांतून चौतीस ईदा साजऱ्या करावयाच्या असतात. रमजानात जकातीचा हिशेब करणाऱ्या घरांनी, वर्षभर टिकलेल्या शिलकेचा चाळिसावा हिस्साही याच वहीत आधी लिहून ठेवावा.

पुढील काही वर्षे ईदुल-फित्र हिवाळ्यात येईल, म्हणजे स्वस्ताईत. बकरीद मात्र डोंगराकडे सरकते आहे. २०२६ ची मे महिन्याच्या अखेरची; २०२८ ची मेच्या पहिल्या आठवड्यातली; २०२९ व २०३० च्या दोन्ही, चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होऊन, एप्रिलमध्ये. गहू, शाळा आणि कुर्बानी एकाच महिन्यात. कुर्बानी ऐपत असलेल्यावरच आहे, कर्ज काढून करावयाची नाही, हे आमचे वडीलधारे सांगत आले आहेत. ज्यांस करावयाची आहे त्यांनी तिचे खाते निराळे ठेवावे आणि मोजणी नीट करावी. समजा, १५,००० रुपये लागणार आहेत. मे २०२८ च्या बकरीदीपासून एप्रिल २०२९ च्या बकरीदीपर्यंत पहिल्या तारखेचे पगार बारा नव्हे, अकराच मिळतात. तेव्हा वहीत दरमहा १,२५० नव्हे, १,३६५ हा आकडा लिहावा.